ले सिल्फीद: गोष्ट नसलेल्या एका बॅलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी महिन्यातल्या एका रविवारी ओळखीच्या दहा-बारा जणांना घरी बोलावून बॅलेच्या जुन्या फिल्म दाखवते. ‘स्वान लेक’ला कुणी फारसं काही विचारत नाही. राजपुत्र, शापित राजकन्या, दुष्ट मांत्रिक, सगळं ओळखीचं असतं. ‘ले सिल्फीद’ लावलं की मात्र चहाच्या आधीच प्रश्न सुरू होतात, आणि दर वेळी तेच. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषय माझ्या आवडीचा आहे.

हे नेमकं आहे काय?

साधारण अर्ध्या तासाचा, एका अंकाचा बॅले. संगीत पोलिश संगीतकार शोपाँचं, नृत्यरचना मिखाईल फोकीन या रशियन नृत्यदिग्दर्शकाची. आज जगभर दिसतो त्या रूपात आणि ‘ले सिल्फीद’ या नावानं तो पहिल्यांदा २ जून १९०९ रोजी पॅरिसच्या शातले थिएटरात झाला, बॅलेचे प्रयोग उभे करणारा निर्माता सर्गेई दियागिलेव याच्या रशियन मंडळीकडून. रंगमंचावर चांदण्यातलं रान, मागे पडकं बांधकाम, पांढऱ्या घोळदार झग्यातल्या वीसेक नर्तिका आणि त्यांच्यात एकच पुरुष. सगळे एका ठरावीक आकृतीत उभे असतात. मग नाचतात, आणि शेवटच्या सुरावर धावत येऊन पुन्हा त्याच आकृतीत उभे राहतात. पडदा.

मग त्यात घडतं काय?

काही नाही.

अहो, पण काहीतरी असेलच ना? तो मुलगा कोण? त्या तिघींपैकी त्याची कोणती?

हा आमच्या आत्याचा प्रश्न. तिनं तो तीनदा विचारला आणि तिसऱ्यांदा जरा रागानंच.

त्या पुरुषाला कार्यक्रमपत्रिकेत कधी ‘कवी’ म्हणतात, कधी ‘तरुण’. सिल्फ म्हणजे युरोपातल्या जुन्या कल्पनेप्रमाणे हवेत राहणारा जीव. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्यानं पंचमहाभूतांच्या धर्तीवर चार तत्त्वांचे चार जीव मानले होते, त्यातला हा वायूचा. तेव्हा कवी रात्री रानात आला आणि त्याला वायुकन्या दिसल्या, एवढं हवं तर धरून चाला. पण तो कुणाच्या प्रेमात पडत नाही, कुणी मरत नाही, कुणी कुणाला सोडून जात नाही. मुख्य तीन नर्तिकांपैकी एकीबरोबर तो जोडीचा नाच करतो, म्हणून ती ‘त्याची’ होत नाही. तो नाच संपला की तीही बाकीच्या पांढऱ्या घोळक्यात मिसळून जाते.

आत्याचं समाधान झालं नाही. तिला दुसऱ्या वेळी मी सांगितलं, तू तराणा ऐकतेस तेव्हा ‘दिर दिर तानोम’चा अर्थ विचारतेस का? तेव्हा कुठे ती गप्प बसली. तेही पटलं म्हणून की कंटाळून, ते विचारलं नाही.

‘रोमँटिक बॅले’ म्हणतात, आणि प्रेमकथा नाही?

इथे ‘रोमँटिक’ म्हणजे रोमान्स नव्हे, एक काळ. १८३० आणि १८४० च्या दशकांत पॅरिसमध्ये बॅलेचं एक रूप बहरलं. गॅसच्या दिव्यांचा मंद उजेड, पिंढरीच्या मध्यापर्यंत येणारा घंटेसारखा पांढरा झगा, बोटांच्या टोकावर उभी राहणारी नर्तिका, आणि माणसाच्या हाती न लागणाऱ्या पऱ्या, भुतं, आत्मे. १८३२ चा ‘ला सिल्फीद’ आणि १८४१ चा ‘जिझेल’ ही त्याची मोठी उदाहरणं.

फोकीन जन्मला १८८० साली. म्हणजे तो काळ त्यानंही पाहिलेला नव्हता. त्यानं तो जुन्या छापील चित्रांतून पाहिला. त्याच्या तरुणपणी सेंट पीटर्सबर्गमधली नर्तिका आखूड, ताठ, चकतीसारखा टुटू घालून गिरक्या मोजून टाळ्या घेत होती. त्याला ते नको होतं. त्यानं झगा पुन्हा लांब केला, गिरक्या काढून टाकल्या, आणि जुन्या बॅलेतली गोष्ट गाळून तिचा नुसता वास ठेवला. अत्तराची कुपी रिकामी झाल्यावरही उघडली की येतो, तसा.

‘ला सिल्फीद’ आणि ‘ले सिल्फीद’ एकच का?

नाहीत. इथे भलेभले चुकतात, यूट्यूबवरच्या शीर्षकांत तर सर्रास. फ्रेंचमध्ये ‘ला’ म्हणजे एक सिल्फीद, ‘ले’ म्हणजे अनेक. ‘ला’मध्ये स्कॉटलंडचा जेम्स लग्नाच्या दिवशी परीच्या मागे धावतो आणि दोन्ही गमावतो, म्हणजे भरपूर गोष्ट. ‘ले’मध्ये गोष्ट नाही. पडद्यावर स्कॉटिश चौकडीचा स्कर्ट घातलेला पुरुष दिसला तर तुम्ही चुकीची फिल्म लावली आहे. आपल्या पुरुषाच्या अंगात पांढरा शर्ट आणि काळ्या मखमलीचं जाकीट असतं.

शोपाँनं हे बॅलेसाठी लिहिलं होतं का?

मुळीच नाही. शोपाँ वारला १८४९ साली. त्याच्या या सगळ्या रचना एकट्या पियानोच्या: एक नॉक्टर्न (रात्रीच्या शांत भावाची रचना), तीन वॉल्ट्झ आणि दोन माझुर्का (दोन्ही तीन मात्रांच्या नाचाच्या चाली) आणि एक प्रिल्यूड (छोटी सुटी रचना). प्रिल्यूड तर इतकं छोटं, अवघ्या सोळा मात्राखंडांचं, की एखाद्या बंदिशीचं नुसतं तोंड गाऊन गायक थांबावा तसं वाटतं. तेच आधी पडदा उघडायच्या आत वाजतं आणि नंतर मध्यावर एका एकटीच्या नाचाला पुन्हा येतं.

ऑर्केस्ट्रासाठी ते इतरांनी बसवलं. पॅरिसच्या प्रयोगासाठी दियागिलेवनं ज्यांना कामाला लावलं त्यांत एक अगदी तरुण, फारसा कुणाला ठाऊक नसलेला संगीतकार होता. त्याच्या वाट्याला सुरुवातीचा नॉक्टर्न आणि शेवटचा मोठा वॉल्ट्झ आला. त्याचं नाव इगोर स्ट्राविन्स्की. पुढच्याच वर्षी त्यानं दियागिलेवसाठी ‘फायरबर्ड’ लिहिला. पुढे वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापले ऑर्केस्ट्रा-पाठ करून घेतले. इंग्लंडच्या रॉय डग्लसचा १९३६ चा पाठ सगळ्यांत जास्त ऐकू येतो. म्हणूनच दोन फिल्ममधलं संगीत एकाच रचनेचं असूनही तुम्हाला वेगळं वाटतं.

पियानो शिकलेली मंडळी इथे नाक मुरडतात. त्यांचं चूकही नाही. शोपाँची लय पियानोवर श्वासासारखी मागेपुढे होते, आणि वीस-तीस व्हायोलिनं एकदम तशी मागेपुढे होऊ शकत नाहीत.

हा बॅले फोकीनला सुचला कसा?

एकदम सुचला नाही, आणि हीच त्यातली मजा आहे. आधी त्यानं गोष्टच सांगायचा प्रयत्न केला होता.

ग्लाझुनोव्ह या संगीतकाराचा शोपाँच्या चार रचनांवरचा ‘शोपेनियाना’ नावाचा ऑर्केस्ट्रा-संच फोकीनच्या हाती लागला. त्यात त्यानं आणखी एक वॉल्ट्झ जोडून घेतला आणि १९०७ च्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात मदतीच्या एका कार्यक्रमात बॅले केला. त्यात पोलिश पोशाखातला दरबारी नाच होता, पोलंडमधलं लग्न होतं, इटलीतला रस्ता होता. एका प्रवेशात तर खुद्द शोपाँ मायोर्काच्या मठात आजारी बसलेला आणि मेलेले साधू त्याला छळताहेत. शोपाँ १८३८–३९ चा हिवाळा खरंच त्या मठात राहिला होता, पण पियानोसमोर बसलेला माणूस आणि मागून येणारी भुतं ही कल्पना ऐकूनच मला आपल्याकडची जुनी पौराणिक नाटकं आठवतात.

या सगळ्या गर्दीत पाचेक मिनिटांचा एकच तुकडा असा होता, की ज्यात ना पोलंड होतं ना मठ. लांब पांढऱ्या झग्यात त्या काळची मोठी नर्तिका आना पाव्लोव्हा आणि तिचा जोडीदार ओबुखोव्ह, आणि तो जोडलेला वॉल्ट्झ. लोकांच्या मनात राहिला तो हाच. फोकीननं पुढच्या वर्षी बाकीचं सगळं फेकून दिलं आणि या एका तुकड्याचा अख्खा बॅले केला. मायोर्का गेलं, लग्न गेलं, साधू गेले. हा नवा पाठ आपण तीन दिवसांत बसवला असं तो आठवणींत सांगतो.

मधे आणखी एक धागा आहे. १९०४ च्या डिसेंबरात अमेरिकेची इसाडोरा डंकन अनवाणी पायांनी सेंट पीटर्सबर्गला आली आणि शोपाँच्या संगीतावर एकटी नाचली. बॅलेचा नसलेला संगीतकार, आणि त्यावर गोष्टीविना नाच! फोकीननं तिच्यापासून किती घेतलं यावर जाणकार अजून भांडतात. तिच्याकडून पाऊल एकही घेतलं नसेल, परवानगी मात्र घेतली, असं माझं मत.

म्हणजे हे आपल्याकडचं नृत्तच की!

कथक शिकलेली एक मुलगी दर वेळी हे म्हणते, आणि अर्धं बरोबर म्हणते. आपल्या शास्त्रात नाट्य, नृत्य आणि नृत्त असे भेद आहेत. नृत्त म्हणजे अर्थ किंवा अभिनय नसलेला निव्वळ नाच. तोडे-तुकडे म्हणा, चक्री म्हणा. तिथे पाहणारा लय पकडतो आणि समेवर मान हलवतो.

‘ले सिल्फीद’मध्ये कथा नाही, शब्द नाहीत, मुद्रा नाहीत, पण भाव आहे, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे. विलंबित ख्यालात तासभर एकाच रागाची छाया धरून ठेवतात, तसा. प्रिल्यूड नाचणारी नर्तिका थबकून ओठांपाशी हात नेते, कान देते. कुणाची हाक आली? आपल्याला कळत नाही, तिलाही कळलेलं नसतं. याला नृत्त म्हणायला जीभ रेटत नाही. आणि इथे समही नाही. तत्कारातला ठणठणीत आघात शोधू नका. या नाचातलं सगळं कसब आघात लपवण्यात गेलेलं आहे.

दिसायला सोपं वाटतं. आहे का?

उलट आहे. बत्तीस गिरक्या घेणारी नर्तिका चुकली तरी उरलेल्या एकतीस लोकांच्या लक्षात राहतात. इथे लपायला जागा नाही. उडी मारायची, पण उडीची तयारी दिसू द्यायची नाही. खाली यायचं, पण पावलाचा आवाज होऊ द्यायचा नाही. माझुर्काचा नाच रंगमंच तिरका कापत जाणाऱ्या मोठ्या उड्यांचा आहे. १९०९ मध्ये तो पाव्लोव्हानं केला. दम लागतो, छाती भात्यासारखी होते, आणि हात मात्र पाण्यात सोडलेल्या वेलीसारखे हवेत. चेहऱ्यावर हसू नाही, नजर प्रेक्षकाकडे नाही.

मागच्या घोळक्याचं तर आणखी कठीण. बॅलेत त्याला कोअर द बॅले म्हणतात, आम्ही नुसतं ‘कोअर’ म्हणतो. त्या मुली मिनिटमिनिटभर एका पायावर भार देऊन, मान कललेली, हात अर्धवट उचललेले, अशा पुतळ्यासारख्या उभ्या असतात. गणपतीच्या देखाव्यात कधी जिवंत मूर्ती म्हणून उभं राहिला असाल तर पोटरीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

निजिन्स्की आणि पाव्लोव्हा यांची फिल्म आहे का?

नाही. १९०९ च्या त्या प्रयोगात पाव्लोव्हा, कार्साविना, बाल्दिना या तिघी आणि एकटा पुरुष म्हणून निजिन्स्की, असे एकत्र होते, आणि त्यातलं हलतं चित्र एकही नाही. निजिन्स्कीच्या नाचाची तर कुठलीच फिल्म नाही. इंटरनेटवर ज्या दाखवतात त्या फोटो संगणकावर हलवून केलेल्या आहेत. डोळ्यांना बरं वाटतं, पण तो नाच नव्हे. पाव्लोव्हाचे काही एकल नाच १९२० च्या दशकात हॉलिवूडमध्ये डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओत चित्रित झाले. ते जरूर पाहा, त्यातून तिचे हात कसे होते ते थोडं तरी कळतं.

दियागिलेव कॅमेऱ्याच्या विरुद्धच होता. त्या काळची थरथरती, आवाज नसलेली फिल्म म्हणजे त्याच्या मंडळीची विटंबना, असं त्याला वाटे. १९२९ साली तो व्हेनिसमध्ये वारला, मंडळी फुटली, आणि जवळजवळ ऐंशी वर्षं सगळे हेच धरून चालले की दियागिलेवच्या मंडळीची फिल्म अस्तित्वातच नाही.

मग ती १९२८ ची फिल्म कुठली?

हा प्रश्न कुणी विचारला की मला आनंद होतो.

जून १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी नार्सिसस फुलांचा उत्सव होता. तिथे उघड्यावर नाच चालला होता आणि बातमीपटवाल्या कॅमेऱ्यानं तो टिपला. पुढे ते रीळ ब्रिटिश पाथे या बातमीपट कंपनीच्या संग्रहात फुलांच्या उत्सवाची बातमी म्हणून पडून राहिलं. संग्रह इंटरनेटवर चढला आणि २०११ साली लंडनमधल्या बॅलेवेड्यांच्या ध्यानात आलं की ही नाचणारी मंडळी दियागिलेवची, पुरुष म्हणजे सर्ज लिफार, आणि हा बॅले ‘ले सिल्फीद’.

जेमतेम अर्ध्या मिनिटाचा ऐवज. आवाज नाही. पण ज्या मंडळीनं विसाव्या शतकाचं नाट्य-संगीत-चित्र हलवून सोडलं, तिचं हलतं चित्र म्हणून सापडलं ते हे एवढंच. ‘शेहेराजाद’ नाही, ‘पेत्रुश्का’ नाही, ‘राइट ऑफ स्प्रिंग’ नाही. ज्यात काहीच घडत नाही तोच बॅले नेमका उरला. बातमीपटवाल्याला बहुधा पांढरे झगे आणि फुलं एकत्र छान दिसली असतील.

आता एक योगायोग. त्याच वर्षी, महिनाभर आधी, लेनिनग्राडच्या, म्हणजे पूर्वीच्या सेंट पीटर्सबर्गच्या, बॅलेशाळेतून पुढे सोव्हिएत बॅलेची मोठी नर्तिका झालेली गालिना उलानोव्हा पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रयोगात हाच बॅले होता. क्रांतीनंतर रशियन बॅलेच्या दोन फांद्या झाल्या होत्या, एक परदेशात भटकणारी आणि एक घरी राहिलेली. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात दोन्हीकडे तोच बॅले चालू होता.

त्या जुन्या फिल्ममध्ये सगळे घाईत का दिसतात?

नर्तकांचा दोष नाही. मूकपटाच्या काळी कॅमेरा हातानं फिरवत आणि सेकंदाला सोळा ते वीस चित्रं घेत. बोलपट आल्यावर चोवीस ठरली. सोळानं घेतलेली फिल्म चोवीसनं चालवली की सगळं दीडपट वेगानं धावतं. चार्ली चॅप्लिनला ते शोभतं; वायुकन्येला नाही, ती बस पकडायला निघाल्यासारखी दिसते. यूट्यूबवर वेग पाऊणपट करता येतो, तो करून पाहा.

अख्खा बॅले पाहायचा तर कोणती फिल्म लावू?

१९६३ ची ‘अ‍ॅन ईव्हनिंग विथ द रॉयल बॅले’. अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि अँथनी हॅव्हलॉक-अ‍ॅलन यांचं दिग्दर्शन, रंगीत, चित्रपटगृहात दाखवण्यासाठी केलेली. त्यात बाकीचेही तुकडे आहेत, पण ‘ले सिल्फीद’ मार्गो फाँटेन आणि रुडॉल्फ नुरेयेव यांचं. ती चाळिशी ओलांडलेली, तो पंचविशीतला. दोन वर्षांपूर्वीच, १९६१ च्या जूनमध्ये, पॅरिसच्या विमानतळावर तो सोव्हिएत रखवालदारांच्या हातून निसटून पश्चिमेत आला होता. हा बॅले तो रशियात शिकून आला होता, आणि ती दियागिलेवच्या मंडळीतून लंडनला आलेल्या परंपरेत वाढलेली. वर म्हटलेल्या दोन फांद्या इथे एका चौकटीत येतात. मी हे सांगितल्यावर लोक जरा सरसावून बसतात; म्हणजे शेवटी गोष्ट लागतेच सगळ्यांना, नाही का?

दुसरी, न्यूयॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटरची १९८० च्या दशकातली मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमधली, मिखाईल बारिश्निकोव्हसह. चित्र जास्त स्वच्छ. या मंडळीशी बॅलेचं नातं जुनं आहे: जानेवारी १९४० मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तो याच बॅलेनं, आणि तो बसवायला म्हातारा फोकीन स्वतः हजर होता.

दोन्हींत निवडायचंच तर मी १९६३ ची लावते. बारिश्निकोव्ह नाचतो अधिक नीट. नुरेयेव मात्र उभा असतानाही संगीत ऐकतोय असं वाटतं, आणि या पात्राचं काम मुख्यतः तेच आहे.

फिल्मवर पाहिलं तर काय हुकतं?

बरंच. आणि इथे माझी जुनी तक्रार आहे, ती ऐकून घ्यावीच लागेल.

कॅमेऱ्याला गोष्ट लागते. ती मिळाली नाही तर तो तयार करतो. फाँटेनचा चेहरा जवळून दाखवला, मग नुरेयेवचा दाखवला, की झालं प्रकरण सुरू! आत्याचा ‘त्याची कोणती?’ हा प्रश्न बॅलेतून आलेला नाही, या जवळच्या चित्रांतून आला आहे. तिसऱ्या बाल्कनीत बसून पाहिलं असतं तर तिनं तो विचारलाच नसता, कारण तिथून चेहरे दिसत नाहीत, आकृत्या दिसतात.

आणि या बॅलेत जे काही घडतं ते आकृत्यांत घडतं. पुढे दोघं वॉल्ट्झ करत असतात तेव्हा मागचा पांढरा अर्धगोल हळूच विरघळून दोन रांगा होतो. रांगांचे झुबके होतात. त्यातल्या दोघी-तिघी गुडघ्यावर बसतात, आणि बसल्यामुळे त्यांच्यामागची जी आतापर्यंत झाकलेली होती ती दिसू लागते. जोडी निघून जाते तेव्हा ती जिथून गेली तिथला घोळका तिच्या दिशेनं कललेला राहतो, गाडी गेल्यावर रस्त्याकडेचं गवत वाकलेलं राहतं तसा. फोकीनचं मोठेपण इथे आहे. त्याच्या आधी कोअर म्हणजे बहुतेक वेळा हलणारा पडदा. त्यानं तिला वातावरण केलं. तुम्ही फाँटेनच्या पापण्या बघत असता तेव्हा हे सगळं चौकटीबाहेर चाललेलं असतं.

पावलांचंही तसंच. कंबरेपासून वर कापलेलं चित्र आलं की उडी तरंगल्यासारखी वाटते खरी, पण ती कुठून निघाली आणि कुठे टेकली हे कळत नाही. वजन दिसलंच नाही तर वजन लपवलं याचं कौतुक कसं करणार?

म्हणून माझी पद्धत अशी. पहिल्यांदा कॅमेरा दाखवील ते निमूट बघा. दुसऱ्यांदा मुख्य जोडीकडे अजिबात बघायचं नाही. कडेची एक मुलगी निवडा, डावीकडून तिसरी म्हणा, आणि जिथे जिथे ती चौकटीत सापडेल तिथे फक्त तिला बघा. ती पुढे कुठे असेल याचा तुम्हाला अंदाज येऊ लागला की बॅले कळू लागला.

तरीही फिल्मला मी नावं ठेवून थांबत नाही. फिल्म नव्हती तेव्हा बॅले एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जात असे, आपल्याकडच्या चिजेसारखा, आणि वाटेत काय गळलं याचा हिशेब कुणाकडे नसे. १९६३ चं हे रीळ चौकट कापून का होईना, हात किती उंच होते, वॉल्ट्झ किती सावकाश होता, हे पक्कं धरून बसलं आहे.

रशियन लोक याला वेगळं नाव का देतात?

तिथे मूळचं ‘शोपेनियाना’च चालू राहिलं. पॅरिसला ते नाव कोरडं वाटलं असतं म्हणून दियागिलेवनं जुन्या बॅलेची आठवण देणारं नाव लावलं. मारिन्स्कीत आजही दिसतो तो पाठ नृत्यशिक्षिका आग्रिपिना वागानोव्हानं १९३१ मध्ये पुन्हा उभा केलेला. पडद्याआधीचं संगीतही वेगळं आहे: पश्चिमेत ते चिमुकलं प्रिल्यूड, रशियात जोरकस पोलोनेझ, म्हणजे पोलिश दरबारी नाचाची चाल. त्या ढोल-तुताऱ्यांनंतर चांदणं येतं ते मला झेपत नाही. पण तिकडे ते ऐकतच मोठी झालेली माणसं नेमकं उलट म्हणतील.

मला झोप आली. माझं चुकलं का?

नाही. दुपारच्या जेवणानंतर लावू नका.

याचा भारताशी काही संबंध?

ओढूनताणून लावू नये, पण एक आहे. पाव्लोव्हा आपली मंडळी घेऊन भारतात आली होती. १९२८ मध्ये मुंबईत तिचा कार्यक्रम रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला, आणि पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना दोघी योगायोगानं एकाच बोटीवर होत्या. ओळखीची मैत्री झाली. रुक्मिणीदेवी तिच्या मंडळीतल्या नर्तिकेकडे काही काळ बॅले शिकल्या, आणि तुमच्या देशातलं नृत्य आधी पाहा, असं पाव्लोव्हानंच त्यांना सुचवलं. पुढचं भरतनाट्यम आणि कलाक्षेत्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पाच वर्षं आधी लंडनमध्ये उदय शंकर तिच्याबरोबर राधा-कृष्ण नाचले होते.

हे आवडलं, आता पुढे काय बघू?

नृत्यदिग्दर्शक बालानशीनचा ‘सेरेनाद’, चायकोव्हस्कीच्या संगीतावरचा. तिथे गोष्ट नाही पण गोष्टीच्या सावल्या आहेत. मग जेरोम रॉबिन्सचा १९६९ चा ‘डान्सेस अ‍ॅट अ गॅदरिंग’: पुन्हा शोपाँ, पण एकटा पियानो, आणि परी एकही नाही, नुसती माणसं. त्याच रॉबिन्सनं त्याआधी, १९५६ मध्ये, ‘द कॉन्सर्ट’ नावाचा विनोदी बॅले करून शोपाँवरच्या स्वप्नाळू नाचांची यथेच्छ टर उडवली होती. त्यात कोअरमधल्या मुली एकमेकींकडे चोरून बघत चुकत राहतात. ‘ले सिल्फीद’ दोनदा बघून झाल्यावरच तो लावा, मग हसून पुरेवाट होते.

जिज्ञासूंसाठी आणखी एक: १९७२ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेनं हाच बॅले झगे, पंख, रान सगळं काढून, सरावाच्या कपड्यांत आणि फक्त पियानोवर केला. बसवला होता दियागिलेवच्या मंडळीतल्या अलेक्झांड्रा दानिलोव्हानं.

मधेच टाळ्या वाजवायच्या का?

थिएटरात लोक वाजवतात, माझुर्काच्या उड्यांनंतर हमखास. आमच्याकडे हॉलमध्ये कुणी वाजवत नाही. प्रिल्यूडच्या वेळी तर आत्याही पंखा बंद करायला लावते.